तिथल्या तिथे मिटवलं!

रस्त्यावरच्या भांडणाचा शेवट सांगणारा एक शब्द आपल्याकडे फार लाडका आहे. 'मिटवलं.' सायकलीला गाडीचा धक्का लागतो, माणूस पडतो, चार लोक जमतात, आवाज चढतात, कुणीतरी वडीलधारा मध्ये पडतो, पाकिटातून एखाद-दुसरी नोट निघते आणि गर्दी पांगते. घरी आल्यावर पुरुषमाणूस चपला काढता काढता सांगतो, "काही नाही गं, एक सायकलवाला आडवा आला. तिथल्या तिथे मिटवलं." आपणही सुटकेचा श्वास टाकतो आणि कुकर लावायला वळतो.

मिटतं का पण ते खरोखर? खरचटण्यावर निभावलं, मडगार्ड चेपलं, एवढंच असेल तर मिटतंही. पण आमच्या कृष्णाकाठच्या गावात गेल्या वर्षी जे झालं, त्यानंतर हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

आमच्या आळीत चार घरी पोळ्या करणाऱ्या एक बाई आहेत. पहाटे घरचं आवरून तीन किलोमीटर सायकल मारत येतात. एके दिवशी बाजारपेठेतून येताना कडेला उभ्या असलेल्या मोटारीचं दार एकाएकी उघडलं. दाराची कड सायकलच्या हँडलला लागली आणि बाई उजव्या हातावर आपटल्या. मोटारीतले गृहस्थ वाईट नव्हते हो! त्यांनी उठवलं, समोरच्या दुकानातून पाणी आणून दिलं आणि पाचशेची नोट हातावर ठेवली. बाईंनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पदर सावरावा, पिशवीतून सांडलेलं उचलावं की गाडीचा नंबर पाहावा? त्या "काही नाही झालं, जा तुम्ही" म्हणाल्या आणि सायकल ढकलत कामावर आल्या. संध्याकाळपर्यंत मनगट वांग्यासारखं सुजलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढला तर हाड मोडलेलं. दीड महिना प्लास्टर. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा उजवा हात! चारांतल्या दोन घरांनी दुसरी बाई लावून घेतली, ती कायमचीच.

पाचशे आणि अडीच लाख

आमच्या मागच्या घरात एक वकीलबाई राहतात. अपघाताचे दावे चालवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, पाचशे रुपयांत अडीच लाख विकले की त्यांनी!"

मला वाटलं, गंमत करताहेत. पण हिशेब खरा आहे. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती 'गंभीर दुखापत' होते. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि भरपाईची नवी कलमं १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यातल्या १६४ व्या कलमाप्रमाणे मोटारीच्या वापरातून कुणाला गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख रुपये आणि मृत्यू झाला तर पाच लाख रुपये द्यावे लागतात. तेही चूक कुणाची होती हे शाबीत न करता. हे पैसे गाडीच्या मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायचे. नुकसान ह्याहून मोठं असेल आणि चूक दाखवून देता येत असेल, तर १६६ व्या कलमाखाली न्यायाधिकरणाकडे जास्तीचा दावा लावता येतो. मात्र दोन्ही वाटांनी एकदम चालता येत नाही. कुठली वाट धरायची हे वकिलाला विचारूनच ठरवावं.

"पण गाडी तर उभी होती," मी शंका काढली. त्यावर त्यांनी एक जुना खटला सांगितला. १९८७ साली सातारा जिल्ह्यात महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर रस्त्याखाली उलटला. काही तासांनी त्याने पेट घेतला आणि जवळ जमलेली माणसं दगावली. विमा कंपनीचं म्हणणं असं की, टँकर तर नुसता पडून होता, हा गाडीचा 'वापर' कसा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गाडी चालत नसली तरी तिच्या वापरातून घडलेला अपघात हा मोटार अपघातच, असा निकाल १९९१ साली झाला. तेव्हा उभ्या गाडीचं दार उघडून कुणी पडलं तर 'मी काही चालवत नव्हतो' हे उत्तर पुरत नाही.

सगळं अडतं ते एका गोष्टीपाशी. गाडीचा नंबर! नंबर नाही तर मालक सापडत नाही आणि मालक नाही तर विमा कंपनीही नाही. गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी तालुक्याच्या महसूल कचेरीत अर्ज करावा लागतो. पण त्यालाही पोलिसांकडे नोंद हवी. आमच्या बाईंनी ना नंबर घेतला, ना चौकीची पायरी चढली. सरकारी दवाखान्यातही 'पडल्याने' असं लिहून घेतलं, कारण त्यांनी तसंच सांगितलं. पाय घसरून पडलेल्या माणसाला कुठला कायदा पैसे देणार?

म्हणून घरातल्या सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शाळकरी मुलगा असो, सासरेबुवा असोत नाहीतर कामाला येणारी बाई असो, एवढं पढवून ठेवावं. पडलं की आधी नंबर. स्वतःला जमत नसेल तर जवळच्या माणसाला मोबाइलवर फोटो काढायला सांगायचं. डॉक्टरांना खरं कारण सांगायचं आणि ते कागदावर उतरलंय का हे वाचून पाहायचं. ११२ वर फोन करून पोलिसांत नोंद करायची. पोलिसांनीही अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असा नियम आहे. मोडलेली सायकल लगेच दुकानात टाकायची नाही, तोही पुरावा असतो. आणि दावा लावायला कायद्याने सहा महिन्यांचीच मुदत ठेवली आहे. ह्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे खरं, पण त्या भरवशावर आपण कशाला बसायचं? दावा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणापुढेही चालतो. अपघात परगावी झाला म्हणून हेलपाटे घालावे लागत नाहीत.

दवाखान्याच्या खर्चाचीही एक सोय आता झाली आहे. ५ मे २०२५ पासून रस्त्यावरच्या मोटार अपघातातल्या जखमीला, योजनेत असलेल्या रुग्णालयात, सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची तरतूद लागू झाली. आणि जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याने घाबरायचं कारण उरलेलं नाही. १३४-अ कलमाने त्याला संरक्षण दिलं आहे. त्याची इच्छा नसेल तर नाव सांगायचीही त्याच्यावर सक्ती नाही.

आता दुसऱ्या बाजूने पाहू, कारण आपल्यातल्या पुष्कळजणी एका दिवसात दोन्ही बाजूंना असतात. सकाळी मुलगा सायकलवर असतो आणि संध्याकाळी आपण यजमानांशेजारी मोटारीत. कायदा चालवणाऱ्याला सांगतो की जखमीला दवाखान्यात पोचवा आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवा. जमाव अंगावर आल्यामुळे थांबणं शक्यच नसेल तेवढा अपवाद. नोट देऊन निघून जाण्याने ह्यातलं काहीच पुरं होत नाही. उलट चार दिवसांनी जखमीच्या घरच्यांनी तक्रार केली की 'पळून गेला' हाच शिक्का बसतो. शिवाय निष्काळजीपणे वाहन चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमाखालचा गुन्हा आहे आणि तो दोघांनी आपसात मिटवण्याजोगा गुन्हा नाही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून १८६० सालच्या दंडविधानाच्या जागी आली. तिच्या १२५ व्या कलमाप्रमाणे निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत आणि १०६ व्या कलमाप्रमाणे माणूस दगावला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं एक पोटकलमही होतं. त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल. संहिता लागू झाली तेव्हा तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं गेलं.

दाराची एक साधी युक्ती सांगते. चालवणाऱ्याने उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायचं. हात आडवा न्यायचा म्हटलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. डावीकडे बसणारीने उजवा हात वापरायचा. मुलांना हे खेळासारखं शिकवता येतं.

सायकलवाले सगळे गरीब गाय असतात, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी आई पुण्यात वाढली. तेव्हाचं पुणं सायकलींचं शहर. सायकलीला कराचा बिल्ला लागे, डबलसीट दिसलं की पोलीस अडवी आणि अंधारात दिवा नसला तर चाकातली हवा सोडून देई, असं ती सांगते. बिल्ला गेला, हवा सोडणारा पोलीस गेला आणि त्यांच्याबरोबर दिवाही गेला! त्याच पुण्यात गाड्यांची संख्या माणसांच्या पुढे गेल्याची बातमी २०१८ साली आली होती. गाड्या एवढ्या वाढल्यावर बिनदिव्याची सायकल दिसणार कुणाला?

सायकलीला लायसन नाही, विमा नाही, ती 'मोटार वाहन' नाही. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की तिला कायदाच नाही. तसं नाही. वर सांगितलेलं २८१ वं कलम कुठलंही वाहन चालवणाऱ्याला लागतं. कानात गाणी घालून उलट्या बाजूने सुसाट जाणाऱ्या पोराने एखाद्या आजोबांना पाडलं तर त्याच्यावरही गुन्हा होतो, आणि विमा नसल्याने भरपाई घरातूनच द्यावी लागते. दाव्यातही सायकलस्वाराचा दोष मोजला जातो. समजा चार लाख नुकसान ठरलं आणि सायकलस्वाराची चूक चार आणे निघाली, तर हाती तीनच लाख पडतात. उलट्या दिशेने येणं, रात्री दिवा नसणं, हात न दाखवता वळणं हे मुद्दे विमा कंपनीचा वकील हमखास काढतो.

आमच्या भागात तर थंडीत हा जिवाशीच खेळ असतो. उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. मागे दिवा नाही, लाल पट्टी उसाच्या पाल्याखाली झाकलेली. क्लास सुटल्यावर सहा-साडेसहाच्या अंधारात त्यांच्या बाजूने सायकली काढणाऱ्या माझ्या विद्यार्थिनी मी रोज पाहते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात शंभरांत सुमारे तीन सायकलवर होती. आकडा वाचताना लहान वाटतो.

हातघाईवर आलं की

अपघातापेक्षा त्यानंतरचं भांडणच महागात पडतं, हे वकीलबाईंचं मत मला पटलं. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या यजमानांचीच गोष्ट. त्यांच्या नव्या गाडीला एका कॉलेजकुमाराच्या सायकलचं पेडल घासलं. चूक मुलाची होती, तो चौकात मधूनच घुसला होता. यजमान उतरले, त्याची सायकल धरून ठेवली आणि एक ठेवून दिली. मुलाचा ओठ फुटला. मुलाने वीट उचलून आरसा फोडला. आता पोलीस ठाण्यात दोघांच्या दोन तक्रारी. ह्यांच्यावर मारहाणीची, तिला एक वर्षापर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय वाट अडवल्याची. मुलावर नुकसान केल्याची. रंगाचा ओरखडा पुसायला दोन हजार लागले असते. त्याऐवजी बाई आठ महिने तारखांच्या गोष्टी करत होत्या, आणि यजमानांचा पासपोर्ट चारित्र्य पडताळणीत अडकला तो वेगळाच. शेवटी तडजोड झाली. मारहाणीची तक्रार, मार खाणारा तयार असेल तर मिटू शकते. पण 'तयार असेल तर' हे शब्द त्या आठ महिन्यांत त्यांनी पाठ केले.

ह्याहून भयंकर प्रसंग ऑक्टोबर २०२५ मध्ये बंगळुरूला घडला. दुचाकीवरून सामान पोचवणाऱ्या एका तरुणाच्या गाडीचा मोटारीच्या आरशाला धक्का लागला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे मोटारवाल्याने पाठलाग करून त्याला मागून उडवलं आणि तो तरुण गेला. खुनाच्या आरोपाखाली अटक झाली ती एकट्या मोटारवाल्याला नव्हे, शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोलाही. खटल्याचा निकाल काय लागायचा तो लागेल. पण शेजारच्या सीटवर बसलेलीला कुणी विचारत नाही, असं समजू नका.

आपले 'हे' तापले की आपण काय करावं? "जाऊ द्या हो" म्हटलं की पारा आणखी चढतो, हा सर्वांचा अनुभव. वकीलबाईंची युक्ती मला आवडली. त्या म्हणतात, भांडणात पडायचंच नाही. आपण उतरायचं आणि सरळ पडलेल्याजवळ जायचं. "लागलं का रे बाळ?" एवढं विचारलं की निम्मी गर्दी आपल्या बाजूची होते आणि नवऱ्यालाही हात खाली घ्यावा लागतो. मग नंबर, फोन, पोलीस, दवाखाना.

'काही करत नाही' म्हणजे किती?

ह्या सगळ्या वाचनात एक गोष्ट हाती लागली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सायकलवरून भाजी आणायला गेलेली गृहिणी अपघातात सापडली तर तिची भरपाई कशी मोजायची? ती तर 'काही करत नाही'! फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात आपण स्वतःच्या हाताने रेघ ओढतो ना, ती रेघ दाव्यात नडते. विमा कंपनी म्हणते, मिळकत शून्य.

सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलेलं नाही. २००१ साली जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात ३४ ते ५९ वयाच्या गृहिणींच्या घरकामाची किंमत महिना तीन हजार रुपये धरली गेली. २०१० साली एका अपघाताच्या दाव्यात न्यायालयाने म्हटलं की घर चालवण्याला मोल नाही असं समजणं चूक आहे. जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांची गणना कमावत्या न होणाऱ्यांत करण्यावरही त्या निकालात टीका आहे. जानेवारी २०२१ च्या निकालाने तर सांगितलं की गृहिणीची मानीव मिळकत धरायचीच, आणि पुढे ती वाढत जाईल हेही हिशेबात घ्यायचं. तेव्हा दाव्यात 'गृहिणी' असं ठळक लिहावं. दुखण्याच्या काळात पोळीवाली, धुणंभांडीवाली लावावी लागली तर त्यांना दिलेल्या पैशांच्या पावत्या, निदान तारीखवार टिपणं, ठेवावीत. दुधाचा हिशेब आपण ठेवतोच की!

पोळ्यावाल्या बाईंना हे लागू होत नाही का? अधिकच लागू होतं. चार घरांची चार माणसं त्यांच्या पगाराची साक्ष देऊ शकली असती. कामवालीचा पगार वहीत लिहून तिची सही घेण्याचा त्रास आपण घेत नाही. ती वही तिच्या उपयोगाला येते, ती अशा वेळी.

शेवटचा मुद्दा पोरांचा. सायकलवर मोटारींची भीती वाटते म्हणून हल्ली आया नववी-दहावीच्या मुलांच्या हाती स्कूटर देतात. "सायकलपेक्षा बरी, पटकन पोचतो." माझ्या वर्गातली निदान सहा-सात मुलं अशी येतात आणि शाळेच्या अलीकडच्या गल्लीत गाडी लावून चालत फाटकातून शिरतात. मला दिसतं सगळं! अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर १९९-अ कलमाखाली आईबाप किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. 'मला ठाऊकच नव्हतं' हे आईबापांना शाबीत करून दाखवावं लागतं, नुसतं म्हणून भागत नाही. 'बॅटरीवरची गाडी आहे, तिला लायसन लागत नाही' असं दुकानदार सांगतो, तेही पारखून घ्यावं. अडीचशे वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली असेल तरच ती सूट आहे. बाकीच्या बॅटरीवाल्या गाड्या पेट्रोलवाल्यांसारख्याच मोटारी.

त्यापेक्षा सायकलच द्या. उजेड असताना घरी येईल अशी क्लासची वेळ निवडा, पाठीवरच्या दप्तराला चकाकती पट्टी शिवा आणि मागे लुकलुकणारा लाल दिवा बसवून घ्या. सायकलच्या दुकानात तो दीड-दोनशे रुपयांना मिळतो. बॅटरी उतरली की मुलं सांगत नाहीत, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी तो लागतो का हे आपणच पाहायचं.